बाबांच्या ओकचा ठोकळा

बाबा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या फाटकातून आत आले, तेव्हाच मला कळलं की आज काही खरं नाही. मागच्या ट्रॉलीत आमच्या थोरल्या ओकची, बुचाच्या झाडाची, साल होती. एरवी ही साल मोठमोठ्या अखंड पट्ट्यांत सोलून निघते. हिचे मात्र कुऱ्हाडीने फोडलेले तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्याला लाकूड चिकटलेलं. मेलेलं झाड साल सोडत नाही.

एकदा सोलल्यावर नऊ वर्षं भरल्याशिवाय सालीला पुन्हा हात लावायचा नाही, हे पोर्तुगालातल्या आमच्या अलेन्तेजूत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कायदाच आहे तसा. गेल्या उन्हाळ्यात, आठव्या वर्षी, झाडाचा शेंडा वाळायला लागला तेव्हा बाबा म्हणाले होते, "निल्दा, आत्ता सुटतेय साल. पुढच्या वर्षी सुटायची नाही." मीच त्यांना गप्प केलं. आजारी झाडाला सोललं तर ते नक्की मरेल, वर दंड बसेल, एक वर्ष कळ काढा. साठ वर्षं साल सोलणाऱ्या माणसाला मी शहाणपण शिकवलं! झाड हिवाळ्यातच गेलं.

मी इथे भरडयंत्रावर असते. बाटलीच्या बुचांना न चालणारी साल आमच्याकडे येते. ती भरडायची, साच्यात दाबायची, वाफ द्यायची. सालीतलीच राळ सुटते आणि दाणे एकमेकांना धरतात. काळे ठोकळे निघतात, त्यांच्या फळ्या कापून लोक घराच्या भिंतींना लावतात.

"मला या एकट्या झाडाचा ठोकळा हवा," बाबा म्हणाले. "माझ्या खाटेमागच्या भिंतीला."

आमचा मुकादम एवारिस्तो हसला. "झेफेरिनोकाका, ही काय खानावळ आहे? तुमचं ताट वेगळं वाढायला?"

"तुझ्या बापाला कुऱ्हाड धरायला कुणी शिकवलं, ते विचार घरी जाऊन."

एवारिस्तो कान खाजवत बाजूला झाला. "जेवणाच्या सुट्टीत करा. एकच साचा हं."

साल जेमतेम एका साच्यापुरतीच होती, ती सगळीच मी भरडायला घेतली. लाकूड वेगळं करणारी चाळण चालू केली, तसा बाबांनी माझा हात धरला. "ते कशाला काढतेस?"

"बाबा, लाकडात ती राळ नसते. ठोकळा धरायचा नाही."

"मला झाड हवंय, नुसती साल नको. एकदा तुझं ऐकलं ना मी?"

 मी चाळण बंद केली. चुकतंय हे मला ढळढळीत दिसत होतं, पण नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

वीस मिनिटं वाफ दिली. बाबा साच्यासमोरून हलले नाहीत. ठोकळा बाहेर आला तो काळाभोर, चारी कोपरे शाबूत. बाबा लहान मुलासारखे हसले. थोडा निवल्यावर आम्ही दोघांनी दोन्हीकडून हात घातला, उचलला, आणि तो मधोमध दुभंगला. अर्धे तुकडे धरायला गेलो तर त्यांचाही हातात भुगा झाला.

"पुन्हा कर," बाबा म्हणाले. "आता चाळून कर."

"एकदा वाफ दिली की राळ संपते, बाबा."

एवारिस्तोची आता थट्टा करायची हिंमत नव्हती. "काका, हा भुगा पुढच्या मालात थोडा थोडा मिसळू. शंभर झाडांच्या सालीत खपून जातो. बाकीची साल सांभाळून घेते."

"मग त्यातला माझा ठोकळा कोणता?"

एवारिस्तोने माझ्याकडे पाहिलं.

"सांगता येणार नाही, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी भुग्याची एक मूठ उचलली. "गेल्या उन्हाळ्यात नुसती नखाने उचकटली असती तरी निघाली असती गं," ते म्हणाले. ओरडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी फावडं मागितलं आणि भुगा दुसऱ्यांच्या सालीच्या ढिगावर टाकायला लागले. पाच-सहा फावड्यांतच त्यांना धाप लागली. मी त्यांच्या हातातून फावडं घेतलं. उरलेलं झाड मी टाकलं.