लाभपंचमीची हजेरी

"तिले बी घ्या," वच्छला म्हणाली, आणि नवऱ्याच्या होकाराची वाट न बघता तिनं धम्मदीपाला उचलून ऑटोच्या मागच्या सीटवर बसवलंसुद्धा. चोवीस वर्षांची लेक, पण वजन म्हणाल तर शाळकरी पोरीएवढं. जन्मापासून पाय वळलेले, मान एका अंगाला, बोलणं फक्त आईला कळणारं.

"सेठजीच्या घरी गर्दी असन. तिले कायले तरास?" देवमन पडघान पुटपुटले.

"तुमची जीभ तर उचलत नाई. तिच्याकडं पाहून तरी उचलन."

पडघान सर ऑटोत बसले आणि ऑटोवाल्या मदनसिंगनं रिठदहून रिसोडच्या रस्त्याला गाडी घातली.

सरांच्या खिशात टाइप केलेलं एक प्रतिज्ञापत्र होतं. खाली सेठजींच्या सहीची जागा कोरी. ती सही उद्या संध्याकाळी पाचच्या आत अमरावतीच्या ऑफिसात पोचली तर धम्मीचा जन्म निभावणार होता, नाही तर नाही. सर कॉलेजात लोकप्रशासन शिकवत. वीस वर्षं पोरांना सरकारचे नियम समजावून सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या पेन्शनचा नियम साधला नाही, यावर स्टाफरूममध्ये हसूनही झालं होतं.

गोष्ट म्हटली तर एवढीशी. दोन हजार पाच सालच्या एक नोव्हेंबरच्या आधी जे रुजू झाले त्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना नवी. जुनीत माणूस गेला तर बायकोला मिळते, आणि बायकोही गेली तर अपंग लेकराला, ते जगेल तोवर. नवीत पगारातून साठवलेली पुंजी, बाजार नेईल तिकडं जाणारी. ती सरली की सरली. सरांच्या हातात नेमणुकीचा आदेश पडला तो ऑक्टोबरात. दुसऱ्याच दिवशी ते रुजू व्हायला गेले, तर संस्थेचे अध्यक्ष अमृतलाल सेठजी म्हणाले, "दिवाळी तोंडावर आली सर, आता कायले घाई करता? लाभपंचमीले या. आमी दुकान बी त्याच दिवशी उघडतो. लई चांगला दिवस."

आता पडघान म्हणजे बौद्ध घरातला माणूस. मुहूर्त त्यांच्या बापानंही कधी पाळला नव्हता. पण दहा वर्षं तासिकांवर राबल्यानंतर ज्यानं कायमची नोकरी दिली, तो वडीलधारा माणूस हौसेनं सांगतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? सर "बरं" म्हणून घरी आले. लाभपंचमीला सेठजींच्या हातचा पेढा खाऊन हजेरीपटावर सही केली. तोवर एक तारखेला पाच दिवस उलटून गेले होते.

येत्या एप्रिलअखेर सर निवृत्त होणार. चार महिन्यांपूर्वी अमरावतीच्या एका बाबूनं वाट दाखवली. उशीर तुमच्याकडून नव्हे, संस्थेकडून झाला, असं त्यावेळच्या अध्यक्षांनी लिहून दिलं तर प्रकरण वर पाठवता येईल. आताच्या अध्यक्षाची सही चालायची नाही. त्यावेळचे सचिव केव्हाच वारले होते. उरले एकटे सेठजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पण स्मरण लख्ख.

या चार महिन्यांत सर तीनदा सेठजींकडे गेले आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आले. कागद खिशातून निघालाच नाही. त्या कागदाचा अर्थ एकच होता की तुमच्या मुहूर्तापायी माझं वाटोळं झालं. ज्यानं पोटाला लावलं त्याला तोंडावर हे कसं म्हणावं? काय म्हणावं या भिडेला! वच्छला आधी भांडली, मग रडली, मग तिनं विचारणंच सोडून दिलं. आणि परवा बातमी आली की सेठजींनी संथारा घेतला. अन्न सोडलं, औषध सोडलं. शांतपणे देह ठेवायचं जैन व्रत.

सेठजींच्या दारात चपलांचा ढीग होता. वच्छला धम्मीला घेऊन ऑटोतच थांबली, कारण पायऱ्या फार होत्या. वरच्या पायरीवर सेठजींचा मुलगा जिनेश भेटला. आता संस्थेचा अध्यक्ष तोच.

"जिनेशभाऊ, सेठजींची एक सही पाह्यजे होती," सर म्हणाले आणि कागद पुढं केला.

जिनेशनं तो पूर्ण वाचला. त्याचा चेहरा उतरला.

"सर, मांगच्या महिन्यात आलते तवा काहून नाई सांगतलं? मी सोता हात धरून सही घेतली असती."

सरांनी कागद परत घेऊन खिशात ठेवला.

"आता त्याइनं सगळं सोडलं. दुकान, संस्था, कागद, पेन. आमाले बी सोडलं म्हणा ना. माह्यानं त्याइले हे सांगनं होत नाई सर."

आत बैठकीत पांढऱ्या चादरीवर सेठजी निजले होते. उशाशी त्यांची बायको राजमती. वीसेक माणसं हळू आवाजात नवकार मंत्र म्हणत होती. येणारा एकेक जण पुढं जाई, सेठजी त्याला हात जोडत आणि म्हणत, खमावा. तो म्हणे, खमावलं. जन्मभरात कुणाचं मन दुखावलं असेल त्याची ती क्षमा.

सरांची पाळी आली. त्यांनी कागद काढला, आणि आवाज इतका मोठा निघाला की त्यांचे तेच दचकले.

"सेठजी, मले तुमची सही पाह्यजे. माह्या पोरीसाठी. आमच्या मांगं तिले कोनी नाई."

नवकार थांबला. "सर," राजमती एवढंच म्हणाल्या. रागानं नाही, विनवणीनं.

सेठजींनी डोळे उघडले.

"पडघान सर," ते म्हणाले. "लाभपंचमी. मीच म्हनलो होतो."

सगळ्या खोलीनं ऐकलं. चार महिने सर ज्या वाक्यासाठी मरत होते ते वाक्य सेठजी वीस माणसांसमोर बोलून गेले. पण अमरावतीच्या टेबलावर ऐकीव वाक्य कोण घेतो? सेठजींची नजर कागदावर गेली, तिथंच थोडी रेंगाळली. मग पेन न मागता त्यांनी हात जोडले.

"खमावा मले, सर."

आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. सवयीनं तो सरांच्या ओठांवर आलाही. जन्मात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. पण तो शब्द त्यांनी गिळला. ही क्षमा त्यांच्या मालकीची नव्हती, धम्मीची होती, आणि धम्मी खाली ऑटोत बसली होती. लोक वाट बघत राहिले. सेठजींचे जोडलेले हात तसेच वर राहिले.

सरांना ते बघवेना. ते खाली बसले. घरी रोज सकाळी लेकीच्या आखडलेल्या मुठी सोडवायचे, तशी त्यांनी त्या म्हाताऱ्या हातांची बोटं एकेक करून मोकळी केली, दोन्ही हात चादरीवर अलगद ठेवले आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.

ऑटोत वच्छलेनं आधी कागद पाहिला, मग नवऱ्याचं तोंड.

"त्याइनं माफी मागतली," सर म्हणाले.

"मंग?"

"मी देल्ली नाई."

तीस वर्षांच्या संसारात या माणसानं कुणाला नाही म्हटल्याचं वच्छला पहिल्यांदा ऐकत होती. तिनं धम्मीला जवळ ओढलं.

"हे 'नाई' तवा म्हनाचं होतं हो. त्या दिवाळीत."

मदनसिंगनं विचारलं, "सर, आता कुठं?" मग त्यानंच गाडी रिठदकडं वळवली.