म्हाताऱ्याची जेलीफिश

त्या काचेच्या कारखान्यात फसलेल्या नगाला एकच जागा होती, ती म्हणजे जमीन. नियम म्हाताऱ्याने घालून दिलेला. फुंकनळीच्या टोकाला तापलेली काच फुगवायची, चिमट्याने ओढायची, वळवायची. समुद्रघोडा म्हणा, ऑक्टोपस म्हणा, प्रवाळाची फांदी म्हणा, आकार धरला की नळीला चिकटलेल्या मानेवर पाण्याचा थेंब सोडायचा आणि नळीवर लाकडाचा एक ठोका द्यायचा. खाली जाड हातमोजे घालून उभ्या असलेल्याने नग अलगद झेलायचा आणि निवायच्या भट्टीत ठेवायचा. तिथे तो सावकाश निवतो. घाई केली तर तडकतो. पण झेलायला म्हातारा उभा असला आणि नग त्याच्या मनास आला नाही, तर ठोका पडता पडता तो हात मागे घेई. खळ्ळकन आवाज होई.

"मेलेलं जनावर घरात ठेवायचं नसतं," एवढंच म्हणे, आणि बिडी शिलगावी.

सूनबाईचे नग तर असे जमिनीनेच जास्त पाहिले. एकदा तिने चिमुकली जेलीफिश केली होती. निळसर घंटा, खाली केसासारखे बारीक धागे. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता पोहत निघून जाईल. गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी होती. म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत हात मागे घेतले.

"शेपट्या बऱ्या होत्या. डोकं तेवढं नव्हतं," तो म्हणाला. "करणारीवर गेली!"

गिऱ्हाइकं हसली. तिचा नवरा भट्टीशी उभा होता, तोही ओठांतल्या ओठांत हसला. सूनबाईने झाडू आणला. चुरा अजून गरम होता, तडतड वाजत होता. तो सुपलीत भरता भरता तिने विचारलं, "मामंजी, चहा टाकू?"

माणसाचं मन मोठं खोल असतं हो. वर लाट दिसत नाही म्हणून तळाशी काही नाही, असं थोडंच आहे?

पुढे म्हाताऱ्याचा उजवा हात कापायला लागला. कपबशी वाजायची, म्हणून त्याने चहा पेल्यातून प्यायला सुरुवात केली. हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली. घरात सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. अशात गावातल्या मोठ्या कलादालनात प्रदर्शन ठरलं. अख्खं छत काचेच्या समुद्राने भरायचं आणि मधोमध, दिव्याखाली, म्हाताऱ्याची मोठी जेलीफिश टांगायची.

"बाबा, तुमची जुनी लावू या ना," मुलगा म्हणाला.

"जुनी लावायला मी मेलोय का?"

त्याला एकच हवं होतं. ज्यांच्याशी जन्मभर चुरस केली ते सगळे येणार. त्यांनी मान वर करून बघावं आणि म्हणावं, हात अजून तोच आहे.

तो बाकावर बसला. छातीत दम होता, घंटा झोकात फुगली. कडेला झालर आली. मग धागे ओढायची वेळ आली. ती पापणी लवेतो निघून जाते. काच कुणासाठी थांबत नाही. हात कापला. धागे एकमेकांत गुंतले, एक आकड्यासारखा वळून घंटेत रुतला, आणि घंटाच एका अंगाला कलंडली. मार बसलेल्या तोंडासारखी दिसायला लागली.

सगळ्यांच्या आधी ते त्यालाच दिसलं. हात गेले होते, नजर मात्र होती तशीच तिखट होती.

खाली हातमोजे घालून सूनबाई उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"सोड," तो हलकेच म्हणाला.

थेंब टाकला. पहिला ठोका चुकला, दुसरा बसला. त्याने डोळे मिटून घेतले आणि आवाजाची वाट पाहिली.

आवाज आलाच नाही.

डोळे उघडले तर सूनबाईच्या हातांत ती वाकडी जेलीफिश, ओल्या बाळंतिणीने बाळ धरावं तशी.

"सोड म्हणतो ना!"

"सोडू कशी, मामंजी? तुमच्या हातची आहे."

"वाकडी आहे."

"आहे की," ती म्हणाली, आणि भट्टीत ठेवून तिने दार लावलं.

म्हातारा लोखंडी पहार घेऊन उठला. मुलाने त्याला धरलं. "बाबा, अहो, ती तुमच्या मानापायीच म्हणतेय!" बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्या दारातून त्याने आजवर फक्त हुकूम सोडले होते.

"सूनबाई, मधोमध तुझी करून लाव. तुझीच चांगली होते. पहिल्यापासून... तुझीच चांगली होती."

किती वर्षं तिने या वाक्याकडे डोळे लावले होते! तिने नळ बंद केला.

"काय म्हणालात? पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आलं."

त्याने पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने, शब्द न शब्द.

"हं," ती म्हणाली. "चहा टाकू?"

प्रदर्शनाच्या दिवशी छताला समुद्र लटकत होता आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या दिव्याखाली, ती कलंडलेली घंटा होती. शेजारी पाटीवर ठळक अक्षरांत म्हाताऱ्याचं नाव. लोक वर बघत, मग त्याच्याकडे बघत, आणि आवाज मऊ करत.

"या वयात एवढं म्हणजे कमालच!"

त्याचा जुना प्रतिस्पर्धी आला. त्यालाही काचेतलं सगळं कळत होतं. बराच वेळ वर बघून त्याने म्हाताऱ्याचा खिशातला हात बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला आणि थोपटला.

"छान आहे हो," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

म्हाताऱ्याने हात पुन्हा खिशात घातला. सूनबाईने लगबगीने खुर्ची आणली, जेलीफिशच्या बरोबर समोर ठेवली.

"बसा, मामंजी. इथून नीट दिसते."

तो बसला. वर बघत राहिला. त्याची नजर धाग्यांवर नव्हती, घंटेवरही नव्हती. ती छताच्या हुकावर खिळली होती. तो कसली आस धरून बसलाय, ते सूनबाईला कळलं. ती वाकली, त्याच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि कानाशी म्हणाली,

"पडायची नाही. तार मी दुहेरी लावलीये."