रीनाच्या पाठीमागे

मी पांढरी साडी बोलते आहे. साडीने दोरीवरून बोलावे, पेटीतून बोलावे, किंवा कुणाच्या अंगावर असताना हलक्या सळसळीने बोलावे. मी भिंतीवरून बोलते. एकोडी गावातील वच्छलाबाईंच्या घरात, निळ्या भिंतीवर, मला खिळे ठोकून ताणून बसवले आहे.

पवनीच्या एका विणकराच्या मागावर माझा जन्म झाला. काठाला बोटभर निळी रेघ. बाकी सारे अंग कोरे. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, त्या वर्षी वच्छलाबाईंनी मला विकत घेतले. दुकानदार नक्षीदार पदर उलगडून दाखवू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "फुलं नको, दादा. विहारात नेसाची हाये."

त्या एका वाक्याने माझे आयुष्य ठरले. बुद्धपौर्णिमेला मी विहारात जाई, दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर. तेथील अलोट गर्दीत लहानगी रीना माझ्या पदराखाली गाढ झोपे. रीनाचे वडील यादोराव गेले, त्या दिवशीही वच्छलाबाईंच्या अंगावर मीच होते. उरलेले दिवस कडुनिंबाच्या पाल्यासह पेटीत जात. पेटीतला एकांत मला कधी जड गेला नाही; त्याला शेवट असे.

रीना मोठी झाली ती धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात. रोवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या दिवसांत आमच्याकडच्या बाया अंगावर पुरुषाचा जुना सदरा चढवतात. चिखल आणि ऊन तो सदरा झेलतो. रीना वडिलांचा गडद निळा सदरा घाली.

मग एका वर्षी नागपूरच्या एका सरकारमान्य संस्थेने परदेशातील सफरचंदांच्या बागांसाठी हंगामी कामगारांचे अर्ज मागवले. शेतीचा अनुभव हवा होता, आणि तो रीनापाशी भरपूर होता. हंगाम संपला की परतायचे, पुढच्या हंगामासाठी पुन्हा अर्ज करायचा. घरच्या कुणालाही सोबत नेता येणार नाही, ही अट रीनाने आईला वाचून दाखवली. पण फार भरभर वाचली.

शेजारच्या बेबीबाई उंबऱ्यात येऊन बसल्या. "इथं रोवण्याले बाया भेटून नाही राहिल्या, अन् तू तठी सेब तोडाले जाऊन राहिली?"

"तठी रोवण्यावानी पाठ नाही वाकवा लागत, काकी. झाड उभंच असते."

"तुही पाठ नाही वाकत, बाई. पण रस्ता पाहू पाहू मायची मान मोडन ना."

वच्छलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अर्ज भरला तो विनोदने, वच्छलाबाईंच्या भाच्याने, आपल्या मोबाइलवर. छायाचित्राची वेळ आली तेव्हा तो भिंतीकडे पाहून म्हणाला, "निळी नाही चालत, आत्या. मांगं पांढरंच पाहिजे म्हणते." घरात पांढरे असे मीच. पेटी उघडली गेली. वच्छलाबाईंनी माझी घडी मोकळी केली, पहिला कोपरा स्वतः भिंतीवर धरला, आणि विनोदने खिळा ठोकला तेव्हा डोळे मिटून घेतले.

रीना हाताला येईल तो कुडता घालू लागली, तर त्यांनी तिला थांबवले. "चांगल्या कामाले निघाली ना? मंग पांढरं घाल." आमच्या घरात मंगल कार्याला पांढरेच लागते. रीनाने पांढरा कुडता घातला आणि ती माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या खांद्यांची ऊब मला जाणवत होती. पदराखाली झोपणारी ती मुलगी कितीतरी वर्षांनी पुन्हा माझ्याजवळ आली होती.

काही दिवसांनी विनोद सायकलवरून घाईने आला. रोवणी आटोपली होती; रीना बांधीतले पाणी पाहायला गेली होती. "आत्या, फोटो वापस आला. खांदे दिसूनच नाही राहिले म्हणते. कपडा अन् मांगची बाजू एक झाली. शनिवारपर्यंत दुसरा पाठवा, नाही तं अर्ज बाद."

"बाद म्हणजे जाणं नाही?"

"नाही."

त्याने मोबाइल पुढे केला. त्यात रीनाचा चेहरा तेवढा होता, पाण्यावर कमळ असावे तसा. खाली सारे पांढरे. ती कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला कळले नव्हते. खरे सांगायचे तर, ते कळावे अशी माझीही इच्छा नव्हती.

विनोद संध्याकाळी येतो म्हणून गेला. वच्छलाबाई माझ्याखाली बसून राहिल्या. चुलीवरचे आधण आटले, तरी त्या उठल्या नाहीत. त्या काय विचार करत होत्या, ते मी जाणते. मीही तोच करत होते. मुलीला थांबवण्यासाठी त्यांना फार काही करावे लागणार नव्हते. पांढऱ्याखेरीज दुसरे काही घालू नकोस, एवढे म्हटले असते, तर रीनाने आईचा शब्द मोडला नसता.

मग त्या उठल्या. परसात पाणी ओतल्याचा आवाज आला, पाठोपाठ धोपटण्याचा.

रीना परतली तेव्हा त्यांच्या हातात तो गडद निळा सदरा होता, उन्हात वाळून कडक झालेला.

"हा तं रोवण्याचा सदरा हाये, माय."

"धुतला हाये. तुह्या बापाचा हाये. यात दिसशील तू."

दुसरे छायाचित्र मान्य झाले. यथावकाश परवानाही आला. रीना निघाली तेव्हा वच्छलाबाईंनी तो सदरा तिच्या सामानात सर्वांत वर ठेवला. दुसऱ्या दिवशी विनोद खिळे उपटायला आला, तर म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या वर्षी पुन्हा नवा फोटो मागतील."

तसेच झाले. हंगाम संपला, रीना आली, माझ्यापुढे उभी राहिली, आणि पुन्हा गेली. तिच्या छायाचित्रातून माझा नखाएवढा तुकडा समुद्रापलीकडे जातो. बाकीची मी इथे असते. चुलीचा धूर माझ्या अंगावर बसतो. खिळ्यांभोवती गंजाची वर्तुळे उमटली आहेत. हा एकांत पेटीतल्या एकांतासारखा नाही.

यंदा बुद्धपौर्णिमेला वच्छलाबाई फिक्या छापील साडीत विहारात निघाल्या. दाराशी बेबीबाई भेटल्या. "का वं वच्छला, पांढरी नाही नेसली?"

"ते रीनाच्या कामात हाये," त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून चालू लागल्या.

आठवड्यातून एकदा रीनाचा फोन येतो. घरात उजेड कमी. "माय, पांढऱ्यासमोर बस. तुहं तोंड दिसते," ती सांगते. वच्छलाबाई बसतात. जेवण, पाऊस, सफरचंदे, बेबीबाईंची म्हैस, असे बोलणे होते. फोन बंद झाला तरी त्या उठत नाहीत. हळूच पाठ मला टेकतात. एके काळी या पाठीभोवती मी गुंडाळलेली असे. आता ती मला केवळ स्पर्श करते, आणि तिचे वाकलेपण मला कळते.

रीना, पुढच्या खेपेला येशील तेव्हा या भिंतीचा माझ्याएवढा तुकडा पांढरा रंगवून घे. तो तुझ्या पाठीमागे निमूट उभा राहील. मला उतरव आणि आईला नेसू दे. गंजाच्या डागांची काळजी करू नकोस. ते निऱ्यांत झाकले जातील.