स्टॉर्मगोरचं आभाळातलं फडकं

माझ्या खानावळीच्या अंगणात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी हेरिंग मासा आणि राईचा पाव खायला चार टाळकी येतात, तिथे अख्खं ट्रानेसबी गाव लोटलं होतं. सगळे टोप्या काढून झेंड्याच्या काठीखालच्या टेबलाकडे बघत होते. टेबलामागे आल्ब्रेक्ट स्टॉर्मगोर उभा होता. हातांत पांढरे हातमोजे, छातीवर कुठल्याशा सैन्याची पदकं. कुठल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“बंधूंनो, भगिनींनो!” तो गरजला. “बाराशे एकोणीस साली, जूनच्या पंधरा तारखेला, एस्टोनियात आपला राजा वाल्देमार हरत आला होता. तेव्हा आभाळ फाटलं आणि आपला झेंडा खाली आला. हा त्याचाच तुकडा! जगाची पापं बघून बघून पांढरा पडलाय बिचारा. पण एस्टोनियाच्या समुद्राचं पाणी शिंपडलं, की त्याला स्वतःचं रक्त आठवतं!”

दोन काठ्यांना ताणून बांधलेल्या पांढऱ्या फडक्यावर त्याने बाटलीतलं पाणी शिंपडलं. चारी कोपऱ्यांतून लाल रंग फुटला आणि मधला क्रूस तेवढा पांढरा राहिला. झाला आमचा डॅनिश झेंडा तयार. बायका मुसमुसू लागल्या. घोड्यांना नाल ठोकणारा आमचा दांडगा लोहार मटकन गुडघ्यांवर बसला.

“रंग जरा गुलाबीच वाटतोय,” मी म्हणालो.

“सातशे वर्षांचं रक्त आहे, आस्गर! तुझ्या बिअरसारखं त्यात पाणी घालून ते वाढवता येत नाही!” स्टॉर्मगोर म्हणाला आणि गाव मला हसलं.

थोड्याच वेळात रंग विरायला लागला. फडकं पुन्हा पांढरं. पण महाराज तयारच होते. “सूर्यास्तानंतर झेंडा फडकवत नाहीत, हे डॅनिश माणसाला मी सांगायला हवं का? हा आपणहून उतरतो!”

जूनमधली संध्याकाळ ती. ऊन अजून लख्ख होतं. मी तसं म्हणताच तो छद्मी हसला. “इथे असेल ऊन. एस्टोनियात मावळला!”

यावर माना डोलावणाऱ्यांत आमचे दोन शिक्षकही होते. झेंड्याचा नियम म्हटला की आमची माणसं डोकं घरी ठेवून येतात. झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही, अंधारात ठेवायचा नाही. तसा ‘त्यावर शंका घ्यायची नाही’ हाही नियमच असावा, अशी त्यांची समजूत. पुस्तक उघडायला मात्र मनाई नव्हती. त्या लढाईची हकिकत त्याच काळातल्या एका पाद्र्याने लिहून ठेवली आहे. आभाळातून पडलेल्या झेंड्याबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही. ती गोष्ट कागदावर आली तीनशे वर्षांनी. लालवर पांढरा क्रूस तेव्हा जर्मन सम्राटाच्या फौजाही मिरवायच्या. आमच्या राजाच्या ढालीशेजारी तो पहिल्यांदा दिसतो तो लढाईनंतर दीडशेक वर्षांनी, एका डच चित्रवहीत. पुढे तो राजाचा झाला, आरमाराचा झाला. आणि आमच्या पणजोबांनी तो अंगणात लावला, तेव्हा राजाने बंदी घातली! देवाने सगळ्यांसाठी टाकलेला झेंडा आणि लावायची परवानगी वीस वर्षं नाही. हे सांगितलं की लोक म्हणत, “आस्गर, तू बिअर ओत.”

मी ओततही राहिलो असतो. पण स्टॉर्मगोर फडक्याच्या चिंध्या मनगटाला बांधून रोग बरे करू लागला आणि माझी धाकटी बहीण रास्मिनने तिच्या लेकीच्या, सिड्सेलच्या हाताला चिंधी बांधली. सिड्सेल सतरा वर्षांची. तिला मधुमेह होता आणि ती इन्सुलिनवर जगत होती.

“सुया बंद केल्या,” रास्मिनने मला सांगितलं. “महाराज म्हणाले, आभाळाचं औषध आणि सुई एका अंगात नांदत नाहीत.”

“अगं, मरेल ती!”

“दादा, रोज पोरीला टोचायचं काम तुझ्याकडे नाही. ती रडते आणि मी टोचते. मी डोळ्यांनी रक्त उमटलेलं पाहिलंय. तू मला शिकवू नकोस.”

डॉक्टर आग्नेथ फ्रीस तिच्या दारात गेल्या तर तिने कडी लावली आणि आतून ओरडली, “तुमच्या सुईतून क्रूस उमटेल त्या दिवशी या!”

वाल्देमार दिनाच्या, म्हणजे त्या लढाईच्या पंधरा जूनच्या सकाळी मी माझ्याकडेच उतरलेल्या स्टॉर्मगोरच्या खोलीतला टॉवेल धुण्याच्या सोड्यात भिजवला. पाणी लालभडक. मला वाटलं, माणसाने स्वतःला कापून घेतलं. टॉवेल तसाच उचलून डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी तो हुंगला, त्यावर व्हिनेगर टाकलं आणि लाल रंग क्षणात गायब झाला.

“फिनॉल्फ्थॅलीन,” त्या म्हणाल्या. “बद्धकोष्ठाला मी ज्या गोळ्या देते, त्यांत हेच असतं. स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाला लावलं की वाळल्यावर दिसत नाही. सोडा किंवा अमोनिया लागला की लाल. अमोनिया उडाला की पुन्हा पांढरं.”

“म्हणजे गाव इतके दिवस जुलाबाच्या औषधापुढे गुडघे टेकतंय?”

त्या हसल्या नाहीत. “सिड्सेल आजच्या चमत्काराला येणार आहे का?”

सिड्सेल आली. तिला खुर्चीवर बसवून आणलं होतं. डोळे खोल गेलेले, श्वास धापा टाकल्यासारखा, त्याला सडक्या सफरचंदांचा वास. आणि आमचं गाव म्हणत होतं, “बघा, रोग बाहेर पडतोय!” माझ्या गावाची मला इतकी किळस कधी आली नव्हती.

स्टॉर्मगोरने अजून तोंड उघडलं नव्हतं तोच डॉक्टर सरळ टेबलाशी गेल्या आणि त्यांनी फडक्याच्या गाठी सोडल्या. ते हातात धरलं आणि सोडून दिलं.

गर्दीतून किंकाळी उठली. झेंडा जमिनीला लागणार! लोहाराने उडी घेतली, म्हातारा चर्चचा घंटावाला पालथा पडला, पण फडकं झेललं ते रास्मिनने, गुडघे फोडून घेऊन. छातीशी धरून तिने वर पाहिलं. आभाळातल्या झेंड्याचा सेवक झेंड्याकडे बघतही नव्हता. तो बाटली कोटाच्या खिशात कोंबत होता.

“ती का लपवतोस?” रास्मिनने विचारलं.

“पवित्र पाणी आहे, सांडेल!”

“आणि हा जमिनीवर पडला असता तर चाललं असतं?” ती उठली. “बाटली दे.”

“बाई, तुझी श्रद्धा डळमळतेय—”

“बाटली दे म्हणते ना!”

लोहाराने ती त्याच्या खिशातून काढली. डॉक्टरांनी पिशवीतला स्वतःचा पांढरा एप्रन काढून रास्मिनच्या पुढ्यात धरला. तिने बाटली उपडी केली. एप्रनवर लाल कान उमटले, मग पोट, मग चार आखूड पाय आणि पिळलेली शेपूट. एक गलेलठ्ठ डुक्कर.

कुणीतरी फिसकन हसलं. स्टॉर्मगोर म्हणाला, “ही सैतानाची करणी!” पण त्याचा आवाज फाटला होता आणि लोहाराने त्याची कॉलर धरली होती.

“डुक्कर का?” रास्मिन पुटपुटली.

“जुलाबाच्या गोळ्या स्पिरिटमध्ये विरघळवून सकाळी मीच ते काढलं. कारण तुझ्या लेकीचं औषध खाटीकखान्यातून येतं,” डॉक्टर म्हणाल्या. “डुकराच्या पोटात जठरामागे एक ग्रंथी असते. माणसांनी ती कापली, वाटली, चुकले, पुन्हा केलं आणि त्यातून इन्सुलिन काढलं. आभाळातून काहीच पडलं नाही, रास्मिन. आता टोचू का?”

रास्मिनने सिड्सेलच्या मनगटावरची चिंधी दातांनी तोडली.

सिड्सेलपाशी डॉक्टर पुढचा अख्खा दिवस हलल्या नाहीत. ती वाचली. पलीकडच्या गावातल्या एका पोराला चिंधीच बांधलेली राहिली; त्याच्या दफनाला आम्ही खरा झेंडा अर्ध्यावर उतरवला, आणि काठीखाली कुणालाही मान वर करता आली नाही.

झेंडा मलाही आवडतो. वाढदिवसाला मीही तो लावतो. माणसांनी तो शिवला, लढाईत हरवला, पुन्हा शिवला, राजाकडून मागून घेतला, म्हणून आवडतो. त्यासाठी आभाळ फाटायची गरज नाही. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच करा: फडकं आपल्या हातात मागा, पाणी आपलं वापरा. आणि आजाऱ्याचं औषध थांबवायला सांगणारा माणूस कुठलाही झेंडा घेऊन आला तरी त्याला दारातूनच हाकला.