मी 'बरी आहे' म्हणालो

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा होतो. मी नळदुरुस्ती करतो. सकाळी उठलो तेव्हा बायको घरात नव्हती. बहिणीकडे गेली असेल असं समजून मी कामाला आलो होतो.

फोन पोलिसांचा होता. "तुमच्या मिसेस सापडल्यात."

"कुठे आहे ती?"

तो माणूस म्हणाला, "तुमच्याबरोबर घरातलं कोणी आहे का?"

तेव्हाच कळलं. पाना तिथेच टाकून मी निघालो.

ती तीन वर्षं सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार घेत होती. तो विभाग आठवड्यातून एकच दिवस उघडतो, मंगळवारी. लागोपाठ दोन मंगळवार ती उठलीच नाही. दुसऱ्या मंगळवारनंतर तिसऱ्या दिवशी तिथल्या कारकुनाचा फोन आला. "पेशंट कशा आहेत?" मी म्हणालो, "बरी आहे." कोणी विचारलं की आपण तेच म्हणतो. ताप असला तरी म्हणतो. त्याने ते लिहून घेतलं आणि फाईल बंद केली. दीड महिन्याने ती स्वतःहून म्हणाली, "जाऊ या." तर नवीन नोंद करावी लागेल, नंबर तीन महिन्यांनी लागेल, असं सांगितलं. तेवढं थांबणं तिच्याच्याने झालं नाही.

कारकुनाच्या त्या फोनचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही.

मुलीनेच पुढे अर्ज लिहिला. मागण्या दोन. विभाग आठवड्यातून दोन दिवस उघडावा. आणि पेशंटशी स्वतः बोलल्याशिवाय फाईल बंद करू नये. अर्जाचे कागद मी हत्यारांच्या पिशवीत ठेवले आणि घरोघरी नळ दुरुस्त करता करता सह्या घेतल्या. सिंकखाली डोकं घातलेल्या माणसाशी लोक मोकळं बोलतात, कारण तोंड दिसत नाही. कोणाचा भाऊ, कोणाची सून. एका मावशींनी तर माझ्या पायांकडे बघत स्वतःचंच सगळं सांगितलं.

"सही करा की मग, मावशी."

"करते. पण कोणी विचारलं तर पाण्याच्या तक्रारीचा अर्ज होता म्हणेन. आणि तू लबाडा, गळती बंद कर आधी, मग समाजसेवा!"

मला हसू आलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि मग मी पुन्हा सिंकखाली डोकं घातलं.

दवाखान्याच्या अधीक्षकांनी आम्हाला बोलावलं. मी, मुलगी आणि सह्या केलेले सात, असे आम्ही नऊ जण गेलो. बाई शांत होत्या, अर्ज नीट वाचलेला होता. म्हणाल्या, "दुसऱ्या दिवसासाठी मी वर लिहिते. पण फाईलचं म्हणाल, तर घरच्यांनी बरं आहे असं सांगितल्याशिवाय आम्ही ती बंद करतच नाही."

मुलगी तडकून म्हणाली, "आमच्या घरी कोणी असं सांगितलं?"

बाईंनी समोरचा कागद उलटला. त्यावर काय असणार ते मला माहीत होतं. त्यांनी वाचण्याआधी मीच बोललो. "मी सांगितलं."

बाईंनी कागद पुन्हा पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला दोष देत नाही. पण मग यात नियम कुठे चुकला?"

'फोन त्यांना द्या' असं कारकुनाने म्हणायला हवं होतं, एवढं साधं होतं. तिथे ते सुचलं नाही.

मी आणि मुलगी घरी आलो. दारात चपला काढताना तिने विचारलं, "बाबा, फोन आला तेव्हा आई कुठे होती?"

"आतच. कपड्यांच्या घड्या घालत होती."

"तिने ऐकलं?"

"ऐकलं असेल."

ती आत गेली. जेवायला बाहेर आली, ताट वाढलं, माझ्या समोर बसली. तो विषय तिने पुन्हा काढलेला नाही. मीही नाही.

आता विभाग मंगळवारी आणि शुक्रवारी उघडतो. पहिल्या शुक्रवारी त्या सहीवाल्या मावशी स्वतःला दाखवायला गेल्या होत्या. फाईलचा नियम तसाच आहे. तो बदलायचा तर घडलेलं सगळं मी माझ्या सहीने लिहून द्यायला हवं, असं अधीक्षकांनी कळवलंय. कोरा कागद टेबलावर आहे. मी अजून लिहिलेलं नाही.