माशीघर

माशीताईंनी खिडकीचा जाड पडदा ओढला, जांभळा दिवा लावला आणि त्या काचेच्या बशीवर वाकल्या. बशीत एकच मेलेली माशी होती, गव्हाच्या दाण्याएवढी, पंखांवर पिवळट पट्टे असलेली. पाठ, पोट, पाय, पंख, सगळं त्यांनी सुईच्या टोकाने उलटंपालटं करून पाहिलं. गुलाबी पूड कुठेच चमकली नाही.

दाराबाहेर अख्खं माशीघर श्वास रोखून उभं होतं. बागांमधले सापळे गोळा करणाऱ्या सापळेवाल्याने सकाळी ही माशी आणली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. "ताई, परकी दिसतेय," एवढंच तो म्हणाला होता, पण घरात बाळ झाल्याचं सांगावं तशा स्वरात.

या घरात माशा मारत नसत, वाढवत. दर आठवड्याला लाखो नरांचे कोष कोबाल्टच्या किरणांखाली धरायचे, गुलाबी पुडीत घोळवायचे आणि माशा बाहेर आल्या की खोऱ्यातल्या संत्र्यांच्या बागांवर सोडून द्यायच्या. या नरांशी जमलेल्या रानमाशीची अंडी उबतच नाहीत, आणि पिढीगणिक रानमाशीचा वंश आटत जातो. सापळ्यातली माशी गुलाबी चमकली तर ती 'आपली', नाही तर 'परकी'. परकी सापडून आता कित्येक वर्षं झाली होती.

"काय ताई, माशा मारताय का?" हा विनोद त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकला होता. तरुणपणी सांगून आलेल्या एका मुलाने तो पहिल्याच भेटीत, चहा पिता पिता केला, आणि तिथेच माशी शिंकली. पुढे त्यांनी लग्नाचा विचारच सोडला. माशीघराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचं, सकाळी चप्पल घालून कामावर यायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि त्याची त्यांना कधी खंत वाटली नव्हती.

आता मात्र बैठकीच्या खोलीत एक पाहुणी बसली होती. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे घर उभं करायला मदत केली, तिचीच अधिकारी. पुढच्या पाच वर्षांत या देशाला अणुतंत्रज्ञानाची कोणती मदत द्यायची, हे ठरवायला आली होती. बाई आढ्यतेखोर असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ती समजूतदार निघाली. तिच्या स्वतःच्या देशाने एकदा शेजाऱ्याला मिळालं म्हणून एक मोठं यंत्र मागून घेतलं होतं. ते चालवायला माणूस नव्हता, की अखंड वीज नव्हती, आणि तिच्या लहानपणी त्या खोलीत मुलं लपाछपी खेळायची. हे तिने हसत हसत सांगितलं होतं आणि मग विचारलं होतं, "तुम्हाला काय मिळू शकतं ते राहू दे. तुम्हाला आता काय हवंय?"

सरकारचे साहेब लगेच म्हणाले होते, इथल्या इस्पितळाला कर्करोगावर किरणं द्यायचं यंत्र. माशांचं काम तर झालंच. लागतील तेवढे कोष शेजारच्या देशातल्या मोठ्या केंद्रातून आणता येतील. पैसा एकाच कामापुरता होता. पाहुणीने माशीताईंकडे पाहिलं होतं, आणि त्या हसून म्हणाल्या होत्या, "गरज सरो, वैद्य मरो." सगळे हसले होते. त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती.

एक परकी माशी सापडली तर मात्र काम झालेलं नव्हतं. मग माशीघर आणखी पाच वर्षं कुणी बंद करू शकत नव्हतं.

त्यांनी दिवा विझवला आणि अंधारात तशाच बसून राहिल्या. अजून डोकं बघायचं राहिलं होतं. कोषातून बाहेर पडताना माशी कपाळातून एक इवलासा फुगा काढून वरचं टोपण ढकलते. कोषावरची पूड त्या फुग्याला चिकटते आणि फुगा परत डोक्यात जातो, तो कायमचा. अंगावरची पूड वाऱ्यापावसात झडू शकते, डोक्यातली नाही. डोकं चिरडून बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे इथल्या प्रत्येकाला माशीताईंनीच शिकवलं होतं. आणि या वेळी त्यांना कुणी विचारणारही नव्हतं. डोकं बघितलं म्हणाल्या की बघितलं.

अंधारात त्यांना वडिलांची बाग दिसली. संत्री वरून सोन्यासारखी असायची आणि आत अळ्या. वडील खाली पडलेली फळं खड्ड्यात पुरायचे आणि पुरून आल्यावर हात खूप वेळ धूत बसायचे. घरात कुणीही संत्रं सोलून तसंच तोंडात टाकत नसे. आधी दोन भाग करायचे, उजेडाकडे धरायचे, आत पाहायचं आणि मग खायचं. माशीघर सुरू झालं आणि काही वर्षांनी एका मोसमात वडिलांनी अंगणात बसून एक संत्रं फोडलं, मग दुसरं, मग तिसरं. अळी नाही. ते फोडतच राहिले. टोपली संपली तरी त्यांचा विश्वास बसेना. आई ओरडली, तेव्हा ते म्हणाले, "अगं, बघू दे की." ती दुपार माशीताईंना आयुष्यभर पुरली होती. तेव्हा त्या किती तरुण होत्या, आणि माशांच्या खाण्यातल्या कोंड्याचा, यीस्टचा तो आंबूस वास केसांतून जात नाही म्हणून किती वैतागायच्या. आता त्या वासावाचून सकाळ कशी उगवेल, हे त्यांना कळत नव्हतं.

दारावर हलकी टकटक झाली. सुगरण होती. माशांसाठी कोंडा, साखर, यीस्ट असं खाणं ती शिजवायची, म्हणून ती सुगरण. गेले काही महिने तिने डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला असे. उपचाराला राजधानीत जायचं म्हणजे रात्रभराची बस, आणि तिथे नातेवाइकाच्या व्हरांड्यात मुक्काम. मध्ये दोन खेपा तिने चुकवल्या होत्या, बसचा प्रवास सोसत नाही म्हणून.

ती उंबऱ्यातच थांबली. परकी निघाली तर सगळ्यांची नोकरी राहील म्हणून कामावरची मुलं खूश आहेत, असं तिने सांगितलं. मग रुमालाची गाठ चाचपत म्हणाली,

"मी आपलं मनात म्हणत होते, इस्पितळ माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे."

आणि स्वतःच्याच बोलण्याने ओशाळून निघून गेली.

माशीताईंनी दिवा पुन्हा लावला. माशी दोन काचांमध्ये ठेवली, अंगठ्याने फक्त डोकं दाबलं आणि काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. डोक्याच्या चुऱ्यात एक लखलखीत गुलाबी कण होता. माशी आपली होती.

वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं. मग सवयीने एक शंका आली. डोक्यात पूड आहे, तर अंगावर एकही कण कसा नाही? पाऊस नव्हता, वारं नव्हतं. त्यांनी काच सरकवून पाठीकडे नेली. पाठीवरची लव एका बाजूला बसली होती. सगळी, नीट, एकाच दिशेने. माशीला कुणीतरी विंचरलं होतं.

मग त्यांनी सापळ्यावरची चिठ्ठी वाचली आणि खुर्चीला टेकल्या. बाग दादाची होती, त्यांच्या सख्ख्या भावाची.

रविवारी त्या दादाकडे चहाला गेल्या होत्या, तेव्हा माशीघर बंद होणार असल्याचं बोलणं निघालं होतं. दादा कलमांना औषध लावायचा तो बारीक ब्रश पुसत होता. ब्रशवरून नजर न उचलता त्याने विचारलं होतं, ती तुमची गुलाबी पूड धुतली तर जाते का गं? "अंगावरची जाते," त्या म्हणाल्या होत्या. पुढचंही सांगणार होत्या, पण आतून वहिनीने हाक मारली आणि बोलणं तिथेच राहिलं.

त्यांना आधी हसू आलं. म्हातारा दादा, त्याचे ते राठ, थरथरते हात, आणि त्यांत एवढीशी माशी. चष्मा लावून, श्वास धरून तो तिला पुसत बसला असेल. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि हसू थांबलं. ज्याच्या बागेत परकी सापडते, त्या बागेचं फळ त्या मोसमात खोऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. दादाची संत्री झाडावर पिकून उभी होती. हा नियम त्याला माहीत होता, कारण वडिलांच्या वेळी तो त्यांनी एकत्रच भोगला होता.

त्यांनी डोळे पुसले, पडदा उघडला आणि बाहेर आल्या. "आपलीच आहे," त्या म्हणाल्या. सापळेवाल्याने मान खाली घातली. त्या बैठकीच्या खोलीत गेल्या आणि पाहुणीसमोर बसल्या. इस्पितळाचं यंत्र आधी, असं त्यांनी स्वतः सांगितलं. फक्त घर एकदम बंद करू नका, माणसांना दुसरं काम लागेपर्यंत सावकाश करा, एवढंच मागितलं. पाहुणीने ते मान्य केलं आणि थोड्या वेळाने विचारलं, मला तुमचं माशीघर आतून दाखवाल का?

संध्याकाळी त्या दादाच्या बागेत गेल्या. दादा रिकाम्या पेट्यांच्या ढिगाऱ्यावर बसला होता. मोसम ऐन भरात, आणि बागेत एकही मजूर नव्हता.

"गाड्या नको म्हणून कळवलंय मी," तो म्हणाला. "लागेल ना बंदी?"

"कशाला लागेल? माशी आपलीच होती."

दादा आपल्या हातांकडे बघत राहिला.

"नीट बघितलीस?"

"डोक्यात बघावं लागतं, दादा. अंगावरची जाते, डोक्यातली जात नाही. त्या दिवशी वहिनीने हाक मारली, तुला सांगायचं राहूनच गेलं."

मग दादा उठला, जवळच्या फांदीवरून एक संत्रं तोडलं, त्याचे दोन भाग केले आणि मावळत्या उजेडाकडे धरून, वडिलांसारखं, आत पाहिलं. अर्धं माशीताईंच्या हातात देत त्याने विचारलं,

"मग आता तू काय करणार गं?"

"तुझ्या पेट्या भरायला येईन उद्यापासून. नाहीतरी बसून माशाच मारायच्या."

दादा हसला. हसू थांबेना, तेव्हा त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि घराकडे वळून वहिनीला हाक मारली, ताई इथेच जेवणार आहे म्हणून.