मधलं मशीन

सुभद्रा धकाते हिंगण्याच्या एमआयडीसीत, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात टायपिस्ट होती. १९८९ च्या मार्च महिन्यात मालक ईश्वरदासजींनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कॉम्प्युटर घ्यायचा होता आणि कोणता घ्यायचा ते तिने ठरवून सांगायचं होतं. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन सहा महिन्यांचा कोर्स केलेली कारखान्यात ती एकटीच होती. मशीन फार महागडं नको, एवढं त्यांनी आधीच सांगितलं. त्यावर भागांची यादी चालली पाहिजे, आणि रविवारी नातीला खेळताही आलं पाहिजे. सहा वर्षांची यमू दर रविवारी आजोबांबरोबर कारखान्यात यायची आणि तासाभरात कंटाळून रडायला लागायची.

सुभद्राला यादीचं काम कळत होतं. खेळ ती कधी खेळली नव्हती.

सीताबर्डीवर शरच्चंद्र नावाच्या गृहस्थांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यांनी तीन मशीनं दाखवली आणि हवं तितकं वापरून बघा म्हणाले. मोठा फरक होता तो आतल्या मुख्य चिपचा, प्रोसेसरचा. पहिल्यातला स्वस्त आणि संथ. दुसऱ्यातला त्याच घराण्यातला, पण दुप्पट वेगाने पळणारा. तिसरा पुढच्या पिढीचा, वेगवान आणि किमतीला जड. दुसरं मशीन दुकानात एकच उरलं होतं.

शनिवारी तिला अर्धी सुट्टी असे, पण शनिवार वडिलांचा होता. मनोहरराव सारं आयुष्य उमरेडला आणि मग नागपुरात मागावर बसलेले. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, डावा हात तसाच राहिला. दर शनिवारी ती त्यांना रिक्षाने मेडिकलला, सरकारी दवाखान्यात, व्यायामासाठी न्यायची. तिथल्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू घरी दाबायचा होता. तो त्यांनी कपाटावर टाकून दिला. ते कोणाशी फारसे बोलत नसत, आणि मेडिकल सोडून कुठे जातही नसत. आई गेल्यापासून घरात दोघंच होती, त्यामुळे ते गप्प बसले की सगळं घरच गप्प होई.

तर त्या शनिवारी मेडिकलवरून परतताना तिने रिक्षा सीताबर्डीला दुकानासमोर थांबवली. बाबांना खुर्चीवर बसवून कामाला लागली. बाराशे भागांची यादी तिने आठवडाभरात संध्याकाळच्या वर्गातल्या मशीनवर बसून फ्लॉपीवर टाईप करून आणली होती. ती नंबरवार लावायला पहिल्या मशीनला एकोणीस मिनिटं लागली, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला जेमतेम तीन. तिने आकडे वहीत लिहिले.

मग खेळ. पहिल्या मशीनचा पडदा नुसती अक्षरं दाखवणारा, त्यावर खेळ उघडेचना. बाकी दोघांच्या पडद्यावर वर विटांच्या ओळी, खाली एक छोटी पट्टी. पट्टी कीबोर्डवरच्या दोन बटणांनी डावीकडे-उजवीकडे सरकवायची आणि येणारा चेंडू परत वर मारायचा. एका डावात तीन चेंडू मिळत. तिसऱ्या मशीनवर चेंडू कुठे गेला तेच तिला दिसेना. शरच्चंद्र हसले आणि म्हणाले की हा खेळ जुन्या, संथ मशीनसाठी लिहिलाय, जितका प्रोसेसर वेगवान तितका चेंडू वेगवान. मधल्या मशीनच्या पुढच्या बाजूला मात्र एक बटण होतं. ते दाबलं की मशीन पूर्ण वेगाने चाले, सोडलं की पहिल्यासारखं संथ होई.

बटण सोडूनही सुभद्राला चेंडू सापडेना. तिसऱ्यांदा चुकल्यावर मागून बाबा म्हणाले, "तू चेंडूकडे पाहून राहिली. तो जिथं येईन तिथं पाह्य."

ती उठली आणि त्यांना बसवलं. ते आधी नको म्हणाले. मग उजव्या हाताच्या बोटाने दोन्ही बटणं दाबू लागले. चेंडू डावीकडे वळला की त्यांना उशीर होई. चार-पाच वेळा चेंडू गेला. मग त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, कीबोर्डवर ठेवला आणि मधलं बोट डावीकडच्या बटणावर नेलं. सुभद्रा मागे उभी होती. बोट हललं. फार नाही, पण बटण दाबलं गेलं आणि पट्टी सरकली.

आपण बोललो तर ते थांबतील, अशी तिला भीती वाटली. अर्धा तास ती तशीच उभी राहिली. शरच्चंद्रांनी आलेल्या गिऱ्हाईकाला दुसऱ्या टेबलाकडे नेलं.

पुढचे दोन शनिवार तसेच गेले. दुसऱ्या शनिवारी बाबा सकाळीच धोतर बदलून बसले होते. घरी परतल्यावर ते खेळाबद्दल बोलायचे, आणि खेळाबद्दल बोलता बोलता भाजीत मीठ कमी आहे इथपर्यंत यायचे. सुभद्राला तेही गोड वाटायचं.

पण आता ईश्वरदासजींना उत्तर द्यायचं होतं. मधलं मशीनच योग्य आहे असं तिचं मन म्हणत होतं, पण बाबांचं बोट त्यावर हललं म्हणूनच ते बरं वाटतंय का, या शंकेने त्या मनावर तिचा विश्वास राहिला नव्हता. शिवाय मधलं सुचवलं तर ते दुकानातून जाणार, आणि बाबांचे शनिवारही जाणार. महागडं सुचवलं तर मधलं तिथेच राहील. हा विचार मनात आल्याची तिला लाज वाटली. एका दुपारी रजा टाकून ती एकटीच दुकानात गेली. पत्रं टाईप केली, यादी छापून काढली, सगळं तिन्ही मशीनवर पुन्हा केलं. उत्तर बदललं नाही.

तिने ईश्वरदासजींना सांगितलं की यादी दिवसातून एकदाच लावायची असते, त्यासाठी नऊ मिनिटं जड नाहीत, आणि लहान मुलीला खेळायला तेच एक मशीन सोयीचं आहे. मग थांबून म्हणाली, "एक गोष्ट सांगाची राहिली. त्या मशीनवर माझ्या बाबांचा हात हलला. म्हून माझं मत थोडं तिकडं झुकलं असंन, तर तेवढं वजा करा."

ईश्वरदासजी मनोहररावांना पूर्वीपासून ओळखत. तरुणपणी दोघं एकाच गल्लीत माग चालवत. ईश्वरदासजींनी मधलंच मशीन मागवलं.

घरी बाबांना सांगणं अवघड गेलं. मशीन हिंगण्याला गेलं, आता दुकानात नाही, असं ती जेवताना म्हणाली.

"मंग तू काहून रडून राहिली वं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं खेळणं मीच काढून नेलं."

"तुले जे खरं दिसलं ते तू सांगितलं. मले जर चेंडू पाह्याचा असंन, तर मी हिंगण्याले येईन. रविवारी बस जाते का नाही?"

बस जात होती, रविवारच्या पाळीची. सुभद्राने ईश्वरदासजींना विचारलं, तर ते म्हणाले की मलाच त्याला बोलवायचं होतं, पण इतक्या वर्षांनी कसं बोलवू म्हणून लाजत होतो.

त्या रविवारी सकाळी घराजवळच्या गोलीबार चौकात कंपनीची बस थांबली. मनोहररावांनी उजव्या हाताने दांडी धरली, डावा हात सुभद्राच्या खांद्यावर टाकला आणि दोन पायऱ्या चढायला बराच वेळ घेतला. ड्रायव्हरने घाई केली नाही. आतल्या एका कामगाराने खिडकीची जागा सोडली. झटक्यानंतर प्रथमच ते इतक्या लांब निघाले होते, आणि रस्ताभर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते.

केबिनमध्ये यमू आधीच खुर्चीत बसली होती. तिला चेंडू सापडत नव्हता आणि ती रडकुंडीला आली होती. मनोहरराव शेजारच्या स्टुलावर बसले. डावीकडचं बटण माझं आणि उजवीकडचं तुझं, असं त्यांनी तिच्याशी ठरवलं. ती लगेच तयार झाली.

पहिला चेंडू डावीकडेच आला. बाबांचं बोट उशिरा हललं आणि तो गेला. यमूने त्यांच्याकडे बघितलं आणि समजुतीने म्हणाली, "काही नाही होत आबा, अजून दोन आहेत."